पानाची पाठ

"वॉटर लिली कुठल्या रंगाची देऊ?" नर्सरीवाल्यानं विचारलं. "रंग राहू द्या हो, पान केवढं होतं ते सांगा!" मी म्हटलं. आजवर फुलं बघून रोपं आणली. या वेळी गिऱ्हाईक मी नव्हतोच, आमच्या अंगणातल्या हौदातले मासे होते. उन्हानं बिचारे हैराण झालेले. बायकोनं त्यांना सावली म्हणून पाण्यावर धान्य पाखडायचं जुनं सूप तरंगत ठेवलं होतं.

लिली हौदात लावून काही आठवडे झाले, आणि आज भर दुपारी ती ओरडली, "अहो, पळत या!" बघतो तर लिलीची पानं ऐसपैस पसरलेली, आणि सूप सोडून सगळे मासे पानांखाली! फूल येईल तेव्हा आम्ही मिरवू. माशांना मात्र दिसणार ती पानाची पाठ, आणि तेवढ्यावरच ते किती खूश!

बायकोनं ओलं सूप उचललं आणि खुशाल उन्हात वाळत टाकलं.