गेटापर्यंतची शर्यत

जयवंत धावायला लागला तो साठी उलटल्यावर, आणि तेही एका कुत्र्यामुळे.

साखर वाढली म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरणीने सांगितलं होतं, रोज चाला. आता लालबागच्या रस्त्यावर माणूस नुसता चालायला लागला, तर चार जण विचारतात, "काय जयवंतराव, कुठं निघालात?" कुठंच नाही म्हटलं, तर घरात काही बिनसलंय का बघायला पाचवा येतो. म्हणून तो शिवाजी पार्कला जायचा. तिथं बिनकामाचं चालायची मुभा आहे. गिरणीचा संप झाल्यावर त्याने आधी डोक्यावर भाजीची पाटी घेतली, मग तिथल्याच एका बिल्डिंगीत वॉचमन लागला. पार्काला फेऱ्या मारणारे साहेब लोक बघून तेव्हा म्हणायचा, "ह्यांचं काय हरवलंय?" आता स्वतःच त्या फेऱ्यांत शिरला. एके सकाळी कुत्रं मागे लागलं. कुत्रं दमून बसलं, हा काही थांबला नाही.

घरी आला, घामाने निथळत, आणि बायकोला म्हणाला, "शांते, धावताना डोकं गप्प बसतं गो."

शांताने तव्यावरची भाकरी उलटली. ते डोकं गप्प बसलेलं तिने संपानंतर कधी पाहिलंच नव्हतं. माणूस वाईट नाही, पण आतल्या आत त्याचे कापड विणायचे साचे चालूच. जेवताना खडखड, झोपेत खडखड.

शेजारची कौसल्या मात्र गप्प बसणारी नव्हे. नळावर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगो शांता, तुझो घोव रस्त्यान पळत होतो. पोलिस लागलेत काय पाठी?"

"पोलिस काय नेणार आमच्याकडून? रेशनकार्ड?" शांता म्हणाली, आणि नळ हसला.

हसण्यावारी न्यायचं, हे शांताला चांगलं जमायचं. कारण हसण्याच्या मागे तिचं एक गुपित होतं, आणि ते कौसल्याला ठाऊक होतं.

त्या गुपिताची सुरुवात संपाच्या पहिल्या सकाळी झाली. जयवंत साचाखात्यात कापड विणायचा. घरचा मानकरी, गावी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. म्हणून कामगारांनी गिरणीच्या दगडी गेटासमोर नारळ ठेवला आणि त्यालाच पुढे केलं. जयवंतने हात जोडून हाळी दिली, "बा गेटावरच्या राखणदारा महाराजा! ह्यो नारळ मान्य करून घे. फैसलो होयपर्यंत जो कोण ह्या गेटाच्या आत पाऊल टाकीत, त्याका तूच बघून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" शेकडो माणसं एकदम ओरडली.

फैसला कधी झालाच नाही. संप मागे घेतला, असंही कुणी येऊन सांगितलं नाही. दूध आटावं तसा तो आटला. पोट कुणाचं ऐकतंय? एकेक करून माणसं आत गेली. दौलत, जयवंतचा जिवाचा दोस्त, ज्याने तो नारळ आणला होता, तोही दुसऱ्या वर्षी आत गेला. जयवंतने पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. पुढे दौलत मेला तेव्हा हा मयताला गेला, पण खांदा दिला नाही. दौलतची बायको रखमा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एवढा राग तर देवालाही येत नसेल हो भावजी." हा मान खाली घालून परत आला, आणि शब्द सांभाळल्याचा अभिमान तेवढा ताठ.

मग गिरणी पडली. तिथं काचेचे टॉवर उभे राहिले, नावही इंग्रजी, जिभेला न वळणारं. दगडी गेट आणि चिमणी तेवढी ठेवली, शोभेला. आणि कौसल्याच्या ओळखीने शांता त्याच टॉवरमध्ये साफसफाईला लागली. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं, जयवंतचा पगार गोळ्यांत जात होता. घरी सांगितलं, प्रभादेवीला एका डॉक्टरांकडे झाडूपोछा करते.

पहिल्या दिवशी त्या गेटाखाली ती थांबली. पदराआड हात जोडून ती म्हणाली, "महाराजा, पाऊल माझं, शब्द त्यांचा. बघून घ्यायचंच तर मला बघ." मग आत गेली ती रोजच जात राहिली. राखणदाराने काही केलं नाही. त्यालाही बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर घेतलं असेल.

जयवंतचे बूटही तिथलेच. तिसऱ्या माळ्यावर व्यायामशाळा आहे, तिथल्या एका साहेबाने टाकून दिलेले, जेमतेम वापरलेले. शांताने ते घासून धुतले आणि म्हणाली, दादरला फुटपाथवर मिळाले. त्याने पायात घालून खोलीतल्या खोलीत दोन उड्या मारल्या. खालचा भाडेकरू ओरडला. नवराबायको तोंडावर हात धरून हसली. असं हसणं त्या खोलीत फार दिवसांनी झालं होतं.

पार्कातल्या कर्णिकसाहेबांनी, रिटायर बँकवाल्यांनी, त्याचं नाव एका शर्यतीत घातलं. "जयवंतराव, म्हाताऱ्यांत तुमच्या पुढे कोण नाही. शिवाजी पार्कवरून निघायचं, लोअर परळला एका टॉवरच्या आवारात संपतं. मेडल मिळतं." लोअर परळला टॉवर काय कमी आहेत? याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी एक टी-शर्ट आला. शांताने तो घडी करायला घेतला आणि तिचा हात थांबला. छातीवर चिमणीचं चित्र होतं. ती चिमणी तर ती रोज बघत होती.

दुसऱ्या दिवशी कामावर कळलं, रविवारी शर्यत, सगळ्यांना ड्युटी. धावणारे आत पोचले की पाणी द्यायचं, केळी द्यायची.

"साहेब, मला त्या दिवशी सुट्टी हवी," ती सुपरवायझरला म्हणाली.

"मावशी, उद्यापासून कायमची देऊ का?" तो पोरगा म्हणाला.

घरी येऊन ती जयवंतला म्हणाली, "अहो, ही शर्यत राहू दे. दुसरी पळा."

"का?"

"गुडघे दुखतात तुमचे."

"माझे नाही, तुझे दुखतात." मग त्याने टी-शर्ट अंगाला लावून बघितला; त्यावरची चिमणी त्याला गिरणगावातल्या कुठल्याही चिमणीसारखीच वाटली. "शांते, मेल्या गिरणीच्या मस्टरावरून नाव गेल्यापासून पहिल्यांदा कुणी मला बोलावलंय. तू नको आडवी येऊस."

शर्यत त्याच गेटात संपते, एवढं बोलली असती तर तो घरी बसला असता. पण त्याबरोबर त्याचं धावणं बसलं असतं, आणि डोक्यातले साचे पुन्हा सुरू झाले असते. तिने मनाशी हिशेब घातला. माणूस खाली मान घालून धावतो. गेट काय, चार पावलांचं. आत आला की मी खांबाआड होईन. सोन्यासारखं मेडल घेऊन घरी येईल आणि त्याला कधी कळणारही नाही. बाईमाणूस आयुष्यभर झाकपाक करतं, त्याला वाटतं सगळंच झाकता येतं.

रविवारी गेटाच्या आत मांडव, फुगे, कानठळ्या बसवणारी गाणी. निळा कोट घातलेली शांता पाण्याचे पेले भरत होती. आधी तरणी पोरं आली, मग पोरी आल्या. मग कौसल्या म्हणाली, "अगो, तो बघ, तुझो!"

जयवंत येत होता. म्हाताऱ्यांत सगळ्यांच्या पुढे. छाती पुढे, तोंडावर हसू. शांता खांबाआड सरकली. या, तिने मनात म्हटलं, बघू नका, या.

त्याने वर बघितलं. आधी चिमणी दिसली असावी, मग कमान. त्याचे पाय कमानीच्या बाहेरच थांबले, जसं काही कुणी कॉलर धरून थांबवलं.

"अंकल, आत या! शेवटचं राहिलंय, आत या!" पोरं ओरडू लागली. संपात हेच शब्द ऐकवायला मालकाची माणसं गेटावर उभी असायची. आत या, शेवटची संधी, आत या. जयवंत जागचा हलला नाही. कर्णिकसाहेब धापा टाकत त्याच्या बाजूने आत गेले. त्यांना टाळ्या पडल्या.

ऊन चढलं होतं. तो उभ्या उभ्या झुलायला लागला, साखरेचा माणूस. शांताला ते बघवेना. खांबाआड राहिली असती, तर गुपित आजही राहिलं असतं. पण तिने पेला उचलला आणि गेटाशी गेली.

"पाणी घ्या," ती म्हणाली.

जयवंतने पेला बघितला, मग निळा कोट, मग गळ्यातलं तिच्या फोटोचं कार्ड.

"कधीपासून?"

"धाकट्याच्या लग्नाआधीपासून."

"आणि हे बूट?"

तिला खोटं सुचलं नाही. "इथलेच."

तो खाली बसला. भर रस्त्यात. गाठी सोडल्या, बूट काढले आणि कमानीच्या आत, तिच्या पायाशी नीट जोडीने ठेवले. तिच्या डोक्यात दौलतला न दिलेला खांदा उभा राहिला.

"खाल्लं ते पण इथलंच होतं," ती म्हणाली. आवाज चढला तिचा. "भाकरी कशी काढून ठेवाल?"

तो तापलेल्या डांबरावरून अनवाणी घरी गेला. शांता पेले भरत राहिली, ड्युटी संध्याकाळपर्यंत होती.

घरी तो भांडला नाही. भांडला असता तर बरं होतं. जेवत होता, पण ताटाकडे न बघता. पार्काला जाणं सुटलं. कर्णिकसाहेब एकदा चाळीत आले, तर हा म्हणाला, "गुडघे दुखतात." साखर पुन्हा चढली. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा, बोटं मांडीवर धागा जोडल्यासारखी हलायची.

बूट शांता वापरायला लागली. फरशीवर दिवसभर उभं राहून तिच्या टाचा गेल्या होत्या. बूट मोठे, म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबायची. साडीखाली ते बूट घालून ती रोज त्याच्यासमोरून निघायची. तो बघायचा आणि मान फिरवायचा.

पावसाळा संपता संपता एका सकाळी ती उंबऱ्यात नाडी बांधत होती, तेव्हा तो खुर्चीतून म्हणाला, "चिमणीच्या डाव्या हाताला आमचं साचाखातं होतं. तिथं आता काय आहे?"

"तळघर आहे. गाड्या ठेवतात."

"कुणाच्या?"

"मला काय ठाऊक? मी खालची फरशी पुसते."

ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"साचाखात्यातली जमीन तेलकट असते. घसरशील."

"आता तेल नसतं," ती म्हणाली आणि कामावर गेली.