चावीवाल्या बाई

लंडनच्या वेम्बलीतल्या त्या एस्टेट एजंट बाईंनी आम्हाला पहिलं घर मिळवून दिलं. मी अमेरिकेत राहून आलेला, त्यामुळे तिकडच्या सवयीने त्यांना ‘रिअल्टर’ म्हणायचो. त्यांच्या मालकानेही, भारदस्त वाटावं म्हणून, ऑफिसच्या काचेवर तोच शब्द सोनेरी अक्षरांत लिहून घेतला होता.

मी चावी घ्यायला गेलो, त्याच शनिवारी सॉलिसिटरने मालकाला बजावलं होतं : तो शब्द अमेरिकेतल्या एका संघटनेचा ट्रेडमार्क आहे, ताबडतोब काढा.

“आता कस्टमर येणार कसे?” मालक रडकुंडीला आला होता.

बाईंनी कोट काढला आणि ब्लेडने अक्षरं खरवडायला घेतली. लंडनमध्येच जन्मलेल्या त्या म्हणाल्या, “डोन्ट वरी. आपल्या या ईलिंग रोडवर हा वर्ड कुणी कधी यूजच केला नाही. मला सगळे चावीवाल्या बाई म्हणतात.”

कारण त्या चावी नुसती कधीच द्यायच्या नाहीत. आधी तळहातावर चिमूटभर साखर, मग चावी. मलाही तशीच दिली, आणि पुन्हा काचेकडे वळल्या.

तेवढ्यात एक गुजराती आजी मुलगा-सुनेला घेऊन आत आल्या. मालक धावत पुढे झाला. आजींनी त्याला हाताने बाजूला सारलं.

“चावीवाल्या बेन कुठे आहेत? आम्हाला घर घ्यायचंय.”

बाईंनी ब्लेड मालकाच्या हातात ठेवलं.

“उरलेलं तुम्ही खरवडा. मला घर दाखवायला जायचंय.”