ओढणीवरचा टायर

बावधनहून निघताना पिशवीत पाणी, भाकरी-पिठलं आणि जुना टॉवेल. मांडीवर काळ्या दाण्यांचं पुडकं. दाणे माझी धाकटी बहीण सुमन हिने बनवलेले. ती रसायनशास्त्र शिकवते. टाकाऊ टायर हवा न लागू देता तापवायचे, उरलेल्या कोळशाला वाफेने बारीक छिद्रं पाडायची. पाण्यातली घाण त्यांत चिकटून राहते.

पिरंगुटच्या गतिरोधकावर बस उडाली, पुडकं फुटलं, माझी ओढणी काळी झाली. शेजारच्या आजींनी हात पुढे केला. "मशेरी (दात घासायची भाजलेली तंबाखू) व्हय? चिमूटभर द्या की."

"टायर आहे, आजी."

"अगं बया! शेरात आता टायरनं दात घासत्यात?"

अख्खी बस हसली.

पौडच्या पुढे उतरून सुमन आणि मी माळ चढलो. वर गंगूबाई शेळ्या घेऊन वाट पाहत होत्या. त्यांच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, शेळ्या तोंड लावत नाहीत. ओढ्यावरून पाणी वाहणं आता गुडघ्यांना झेपत नाही.

"उद्या व्यापारी येतुया शेरडं न्यायला," त्या म्हणाल्या. "आज प्याली तर ऱ्हात्याली."

सुमनने ड्रममध्ये वाळू आणि दाणे भरून विहिरीचं पाणी ओतलं. तोटीतून आलं ते काळंकुट्ट. गंगूबाई मटकन खाली बसल्या. "घान काडायला आलीस का घालायला, पोरी?"

"ताई, दाणे धुवायचेच राहिले," सुमन माझ्या कानात पुटपुटली. मी ओढणी कमरेला खोचली आणि पाणी शेंदू लागले. बादलीमागून बादली ओतल्यावर तोटीतून स्वच्छ, बिनवासाचं पाणी आलं. या विहिरीचं असं गाळलेलं पाणी सुमनने आधीच प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं. जनावरांना चालणार होतं, माणसांना अजून नाही.

घमेलं भरलं. चंद्री नावाची म्हातारी शेळी आली, हुंगलं, मागे फिरली.

"तुमास्नी बुजली आसंल," गंगूबाई हळूच म्हणाल्या. "वाईच लांब व्हा."

आम्ही झाडामागे गेलो. मग चपचप आवाज आला. गंगूबाईंनी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. "पी, माजी बाय. सावकाश पी." मग माझ्याकडे वळल्या. "फोन लावा त्या व्यापाऱ्याला. म्हनावं, येऊ नगं. म्हातारीला याड लागलंय."

मी फोन लावला. निरोप जसाच्या तसा दिला.

परतीच्या बसमध्ये सुमन खांद्यावर डोकं टेकून झोपली. दाणे थकले की बदलायला पुन्हा यायचं होतं. तेव्हा आधी धुवायचे, हे मी मनात पक्कं केलं. रस्तोरस्ती धावून झिजलेले ते टायर आता माळावर एका जागी बसले होते, म्हणून गंगूबाईंनाही जरा बसता येणार होतं. ओढणीवरचा डाग निघणार नाही, हे दिसतच होतं. घरी आल्यावर ती मी साबणात भिजवलीच नाही.