बाईंना यातलं काही कळत नाही

टायपिंगच्या बाईंना कशातलंच काही कळत नसे, आणि ही गोष्ट त्या कुणालाही मोठ्या आवाजात सांगत. मोठ्या आवाजात, कारण डोंबिवली पूर्वेला त्यांची इन्स्टिट्यूट पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर होती. खाली गिरणी घरघरे, वर अकरा टाइपरायटर खडखडत, आणि या दोन्हींवर ताण करत बाई बोलत. एखादं मूल काही खाजगी सांगायला आलं की त्या त्याला बाहेर जिन्यात नेत. मूल कुजबुजे. बाई मात्र चारही मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "मला यातलं काही कळत नाही! पण ज्याला कळतं त्याला मी ओळखते!"

टायपिंगला येणारी आम्ही सगळी सोळा-सतरा वर्षांची. दहावी सुटलेली किंवा दहावीत अडकलेली. कुणाचे वडील कंपनी बंद पडल्यापासून प्यायला लागलेले, कुणाच्या घरी लग्नाची घाई, कुणी नापास झाल्यावर घरी जायलाच तयार नाही. बाईंच्या पर्समध्ये एक जाडजूड डायरी असे. तिच्यात पत्ते नावांप्रमाणे नव्हते, दुखण्यांप्रमाणे होते. एका पानावर 'बाप मारतो', दुसऱ्यावर 'झोप येत नाही', तिसऱ्यावर 'पोलिसांतले बरे'. पद्धत चांगली होती, पण बाईंना स्वतःलाच त्यात काही सापडत नसे. एकदा इन्स्टिट्यूटचा नळ बिघडला, तेव्हा नळवाल्याचा पत्ता 'सारखं रडू येतं' या पानावर मिळाला.

माझं पान त्या डायरीत कसं आलं, ते सांगते. मला फिट्स यायच्या. दुसऱ्या फिटनंतर शाळेने "घरूनच अभ्यास करू दे" असं गोड शब्दांत कळवलं होतं. आम्ही ठाकुर्लीला रेल्वेच्या चाळीत राहायचो. आईने मला बजावलं होतं, "कुणाला बोललीस तर याद राख. लग्न व्हायचं नाही तुझं." त्यामुळे औषध काहीच नव्हतं. होता तो दंडाला बांधलेला काळा दोरा.

टायपिंगला जायला लागून महिना झाला असेल. एका सकाळी मी मशीनवर बसल्या बसल्याच खाली पडले. पुढचं मैत्रिणींनी सांगितलं. कुणीतरी मला हुंगवायला चप्पल काढली, तशा बाई गरजल्या, "ती चप्पल पायात घाल!" त्यांनी स्टुलं बाजूला केली, मला कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शेजारी बसून राहिल्या. मी डोळे उघडले तेव्हा त्या वाकून म्हणत होत्या, "दोन मिनिटं दहा सेकंद. काही घाबरायचं नाही."

त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी हजर! आधी चुकून शेजारच्या दोन घरांत जाऊन, तिथे पाणी पिऊन आलेल्या.

"अशक्तपणा आहे हो तिला," आई म्हणाली.

"असेल. मला यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "मागे आमच्याकडे एक मुलगा होता, त्यालाही असाच अशक्तपणा होता. ठाण्याला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेला त्याला. आता कारकून आहे तो."

"आणि लोकांना कळलं म्हणजे?"

"कळलं तर कळलं. पोरगी रस्त्यात पडली तर लोकांनाच उचलावी लागेल ना?"

आईने पदर खोचला. मग म्हणाली, "मी पण येते."

ठाण्याला उतरल्यावर बाईंनी आम्हाला आत्मविश्वासाने कोलशेतच्या बसमध्ये बसवलं. दवाखाना अगदी उलट दिशेला होता. पोचलो तेव्हा डॉक्टर उठायच्या बेतात होते. त्यांनी नीट तपासलं, रोजच्या गोळ्या लिहून दिल्या, विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवायची नाही म्हणून सांगितलं. आईने एकच प्रश्न विचारला, "लग्न होईल ना हिचं?" डॉक्टर म्हणाले, "का नाही होणार?" बाहेर आल्यावर आई भिंतीला टेकून हमसाहमशी रडली. बाईंना रडणं बघवत नसे. त्या समोरच्या कुटुंबनियोजनाच्या तक्त्यापाशी गेल्या आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत उभ्या राहिल्या. बाई अविवाहित होत्या.

आठ महिने मला काही झालं नाही, म्हणून मी आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या आणि ठाकुर्लीच्या पुलावर पडले. हनुवटीला तीन टाके. बाई रागावल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पहिली ओळ ठरून गेली. 'मी आज गोळी घेतली आहे.' ती बिनचूक टाइप केल्याशिवाय पुढचा धडा नाही. माझा मराठीचा स्पीड या एका वाक्यावर वाढला.

पुढे मला नोकरी लागली आणि स्थळं यायला लागली. आईला वाटे लपवावं. बाईंचं म्हणणं, "तिनेच सांगायचं, आणि आधी सांगायचं." म्हणून प्रत्येक वेळी त्या आमच्याकडे येऊन आतल्या खोलीत बसत. मी सांगे, मुलगा चहा अर्धा टाकून उठे, आणि बाई आतून येऊन म्हणत, "गेला? बरं झालं. चेहराच पटला नव्हता मला." चेहरा त्यांनी पाहिलेलाही नसे.

चौथा मोहन. त्याने माझं ऐकून घेतलं, चहा संपवला, मग विचारलं, "पण फिट आली तर मी नेमकं करायचं काय?"

आत बशी आपटल्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या, त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. "या इकडे. मला कुशीवर वळवा. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. अहो, जोर लावा, मी काही मोडत नाही!" बाई चांगल्या वजनदार होत्या. होणारे सासूसासरे बघत होते आणि मोहन घामाघूम होऊन एका अनोळखी बाईंना कुशीवर वळवत होता. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "हा चालेल."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि इन्स्टिट्यूट बंद झाली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. त्यांच्या भाच्याने शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. पन्नासेक माणसं येतील असा त्याचा अंदाज. हॉल भरून लोक व्हरांड्यात उभे होते. दाराशी तो प्रत्येकाला विचारत होता, "आपण मावशीला कसे ओळखता?" आणि प्रत्येक जण सांगत होता, "टायपिंगला होतो."

माझ्या शेजारी तिशीचा एक माणूस रुमालाने सारखे डोळे पुसत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमचा स्पीड किती होता?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मी मशीनला कधी हातही लावलेला नाही हो."

मी थोडी सरकले आणि त्याला पंख्याखाली जागा करून दिली.