श्यामकांतांचा अडलेला घास

अमरावतीची इंदू लग्न होऊन रायपूरला आली, तेव्हा ते मध्य प्रदेशातलं एक जिल्ह्याचं गाव होतं. पुढे राज्य वेगळं झालं आणि पाटबंधारे खात्यात टायपिस्ट असलेली इंदू एकाएकी राजधानीत नोकरी करणारी बाई झाली. नवरा श्यामकांत रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. खाण्याचा भारी शौकीन माणूस. भाजी घ्यायला मुद्दाम शहराबाहेर अभनपूरपर्यंत जायचे.

रिटायर झाल्यावर ते विसरू लागले. आधी चाव्या, मग रस्ते, मग मुलाचं नाव. कधीकधी ते बायकोलाच "दीदी" म्हणून हाक मारत. इंदूबाई "हव" म्हणून होकार देत आणि पदराला हात पुसत जवळ जात. एवढं त्यांनी पचवलं होतं.

पण एका उन्हाळ्यात श्यामकांतांचं जेवणच सुटलं. ताट दिसलं की सरसावून बसायचे आणि पहिल्याच घासाला मान फिरवायचे. दात घासायला ब्रश जवळ नेला तर हात झटकायचे. एकदा इंदूबाईंच्या मनगटावर असा फटका बसला की बांगडी फुटली.

"आई, बीमारी बढ़ रही है," सौमित्र म्हणाला. पोराला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा हिंदीतच. "अब ऐसा ही चलेगा."

इंदूबाईंना ते काही पटेना. भूक तर त्यांच्या डोळ्यांत दिसत होती.

दुपारी त्यांनी गार दहीभात भरवून पाहिला. श्यामकांत कळवळले आणि त्यांचा हात डाव्या गालावर गेला. इंदूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"दुखते का जी इथं?"

श्यामकांतांनी गालावर बोट ठेवलं. "इथं पोट्टे दगडं मारून राहिले," ते म्हणाले.

इंदूबाईंना हसूही आलं आणि रडूही. त्याच संध्याकाळी त्यांनी सौमित्रला गाडी काढायला लावली आणि समता कॉलनीतल्या डॉक्टर अनुश्रीचा दातांचा दवाखाना गाठला.

अनुश्रीनं घाई केली नाही. आधी श्यामकांतांना खुर्चीवर नुसतं बसू दिलं, तोंडात बघायचा छोटा आरसा त्यांच्या हातात दिला, मग तोंडात पाहिलं. मागची एक दाढ तुटून तिची धार गालाला कापत होती आणि मुळाशी पू झाला होता.

"काकू, दुखतं हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते हात उगारतात. तो राग नाही."

सौमित्र खाली मान घालून बाबांची चप्पल सरळ करत राहिला.

औषधानं सूज उतरल्यावर दाढ काढली. इंदूबाईंनी पूर्ण वेळ त्यांचा हात सोडला नाही.

आता प्रश्न उरला ब्रशचा. श्यामकांतांना ती वस्तू ओळखीचीच वाटत नव्हती. इंदूबाईंनी बाजारातून बाभळीच्या काडीचं दातून आणलं. लहानपणी सगळे तेच वापरायचे. काडी हातात येताच श्यामकांत ती खुशाल चावू लागले. मग इंदूबाई रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून आधी स्वतःचे दात घासून दाखवू लागल्या. काडी श्यामकांतांच्या मुठीत तशीच असायची आणि तेवढ्यात मऊ ब्रश तोंडात फिरून यायचा. पहिल्या दिवशी समोरचेच दात झाले. इंदूबाईंनी जबरदस्ती केली नाही. मागचे दुसऱ्या दिवशी.

दिवाळीच्या आधी श्यामकांतांनी वरणभात खाता खाता तोंड वाकडं केलं. इंदूबाईंनी लगबगीनं त्यांचा गाल चाचपला.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले.

"अरे सौमित्र, ऐकलं का? तुझे बाबा खोड काढून राहिले!" इंदूबाईंचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला.

विसरणं काही थांबलं नाही. पण अंगावर मांस आलं, गालही भरले. रविवारी ब्रशचं काम आता सौमित्रकडे असतं आणि इंदूबाई मैत्रिणींकडे भजनाला जातात. परवा सौमित्र ब्रश घेऊन वाकला, तर श्यामकांतांनी त्याची हनुवटी धरली.

"भैया, आधी तुमचे दात दाखवा."

सौमित्रनं मुकाट्यानं तोंड उघडलं.