दोघांची संमती

मांडवीची दर्शना मयेकर बाजारात मासे विकायला बसते. तोंडाने फटकळ, पण पोराबाळांवर जीव टाकणारी. तिची एकुलती एक लेक रुचिरा सहा वर्षांची असताना तापाने गेली, त्याला अकरा वर्षं झाली. पुढे मूल झालं नाही.

गेल्या वर्षी अंगणवाडीच्या बाईंकडून तिला कळलं, की ज्या मुलांना घरी सांभाळणारं कोणी नाही, त्यांना सरकार काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवतं. त्या कुटुंबाला प्रतिपालक म्हणतात. दत्तक नव्हे, घरची घडी बसली की मूल परत जायचं.

"जाईना का परत," ती नवऱ्याला म्हणाली. "चार महिने का होईना, घरात कोणीतरी हाक मारील."

गुणाजी ट्रॉलरवर खलाशी, मुळातच अबोल. "बघ तुला काय वाटतं ते," एवढंच म्हणाला. दर्शनाने तोच होकार धरला.

मग ती झपाटल्यासारखी कामाला लागली. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, फोटो, दोन शेजाऱ्यांची पत्रं. एकेका कागदासाठी चार-चार खेपा. मधल्या खोलीतली जाळी मागच्या पडवीत गेली आणि भिंतींना पिवळा रंग लागला. तो गुणाजीनेच दिला, दोन दिवस शिडीवर उभं राहून.

शेजारच्या आवडाबाई म्हणाल्या, "परक्याचं पोर. जीव लावशील आणि रडत बसशील गो."

"रडायची सवय हाय मला," दर्शना हसत म्हणाली.

जूनमध्ये मासेमारीच्या बंदीत गुणाजी घरी होता, तेव्हा समाजसेविका वैष्णवी मॅडम घर बघायला आल्या. आधी दोघांशी बोलल्या, मग एकेकाला वेगळं बसवून विचारलं. दर्शना अर्धा तास बोलत होती. गुणाजी दहा मिनिटांत बाहेर आला आणि सरळ जेटीकडे निघून गेला.

दीड महिन्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारण लिहिलं होतं, 'पतीची मनापासून संमती नाही.' कारकुनाची चूक असेल म्हणून दर्शनाने वैष्णवी मॅडमना फोन लावला.

"ताई, त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या.

गुणाजी दुपारचा जेवायला बसला होता.

"तुम्ही नको म्हणालात?"

"त्यांनी विचारलं, मूल परत न्यायला आले तर काय कराल. मी म्हटलं, देणार नाय. तर म्हणाल्या, द्यावंच लागेल. मग नको म्हटलं मी." तो खाली बघत राहिला. "रुचिराला ह्याच हातांनी नेलं होतं मी. परत एकदा कोणाला हातातून द्यायचं, मला जमायचं नाय गो."

"मग मला का नाय सांगितलंत? वर्षभर वणवण फिरले मी."

"अकरा वर्षांनी हसत होतीस तू."

पुढच्या दिवसांत तिने दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा तो उठून गेला.

ऑगस्टात बोटी सुटल्या आणि गुणाजी समुद्रावर गेला. मग वैष्णवी मॅडमचा फोन आला. दोघं समुपदेशनाला या, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असं सांगत होत्या.

"नको मॅडम," दर्शना म्हणाली. "आमचं नाव काढून टाका."

फोन ठेवून तिने पाटी उचलली आणि बाजाराची वाट धरली. त्या दिवशी ती कोणाशी घासाघीस करत बसली नाही. मागतील त्या भावाला देत गेली, आणि दहाच्या आत रिकामी पाटी पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. घरी जायला काही निमित्तच उरलं नव्हतं.