आखाजीचा मांडा

काल आखाजी झाली, आपली अक्षय्य तृतीया. पुरणात जायफळ किसताना धुळ्याची ती आखाजी आठवली. तुमचा काका, माझा धाकटा, तापानं गेला त्यानंतरची पहिलीच. त्याच्या नैवेद्याचे मांडे माझ्या हातांवर फाटत होते.

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माय, मन हातमा ठेव. दुसरं काही नको पाहू."

मी मन हातांत ठेवलं. मांडा कोपरापर्यंत पसरत गेला आणि अखंड, तापल्या खापरावर पडला.

"देख, व्हयना ना!" सासूबाई म्हणाल्या. झाला होता खरा.

तेवढा वेळ मी माझ्या मुलाला विसरले होते, हे तेव्हा कळलं, आणि मी तिथंच रडू लागले.

फोनवर तुम्ही मला ध्यान शिकवता. "आजी, विचार सोडून द्यायचे." मला ते जमतं, बाळांनो. म्हणूनच मी ध्यानाला बसत नाही.